कागद अडकतो तिथं शून्य

संगणकावर चालणाऱ्या कापणीच्या यंत्रावर प्लायचा तक्ता चढवला, कडा क्लॅम्पनं आवळल्या, पडद्यावर नक्षी उघडली, की चालवणारा माणूस कागदाचा एक कपटा शोधायला लागतो. कपटा तक्त्यावर ठेवायचा आणि वरून बिट खाली आणायचं. आधी मिलिमीटर-मिलिमीटरनं, मग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शानं. दुसऱ्या हातानं कपटा सारखा मागंपुढं सरकवत राहायचं. एका टिचकीला तो जरा जड होतो, पुढच्या टिचकीला अडकतो. तिथं थांबून झेडच्या रकान्यात शून्य भरायचं. याला ‘झिरो घेणं’ म्हणतात. बेंगळुरूतल्या पाट्या कापणाऱ्या दुकानांत काय किंवा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये काय, विधी हाच. झेरॉक्सचा कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. काटेकोर माणूस तेवढं वजा करतो, बाकीचे सोडून देतात. आडव्या दोन दिशांचे, एक्स आणि वायचे, मात्र कुणी इतके लाड करत नाही. तक्त्याचा कोपरा नजरेनं धरला, पाच मिलिमीटर इकडं-तिकडं झालं तरी चालतं. लाखो रुपयांचं यंत्र, आणि त्याची उंची ठरते रद्दीतल्या कागदावर! पाहणाऱ्याला वाटतं, यंत्र अजून पुरतं सुधारलेलं नाही, त्याचं हे लक्षण. मला ते तसं वाटत नाही. बेंगळुरूतल्या मोजमापाचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर उंचीचं शून्य दर वेळी उशिरा आलेलं दिसतं, आडव्या मोजमापापासून वेगळं काढून ठरवलेलं दिसतं. ते सापडत नाही, धरावं लागतं. कागदाचा कपटा त्याच परंपरेतला आहे.

आधी यंत्राचीच गोष्ट पाहू. नक्षीतली आडवी अंतरं एकमेकांशी बांधलेली असतात. अख्खी नक्षी तक्त्यावर थोडी सरकली तरी ती नक्षीच राहते. कमळाची पाकळी पाकळीच्या जागी आणि देठ देठाच्या जागी. खोलीचं तसं नाही. अक्षर दोन मिलिमीटर खोल कोरायचं, हे नक्षीत लिहिलेलं असतं. दोन मिलिमीटर कशापासून, हे मात्र समोरच्या तक्त्यावर असतं. यंत्राला त्याची कल्पना नसते. वरच्या टोकाला एक लिमिट स्विच असतो, त्याला टेकून यंत्र स्वतःचं ‘होम’ शोधतं. पण त्यातून त्याला फक्त आपलं डोकं कुठं आहे ते कळतं, पायाखाली काय आहे ते कळत नाही. आयएसओ 841 या मानकानुसार हत्यार मालापासून लांब जाईल ती झेडची अधिक दिशा. शून्य मालाच्या माथ्यावर धरलं, तर वजा म्हणजे मालाच्या आत. हिशेब एवढा सरळ आहे, पण माथाच कशाला, बेड का नको, हा प्रश्न उरतोच. बाजारातला 12 मिलिमीटरचा प्लाय दर वेळी 12 भरत नाही, अर्धा मिलिमीटर कमी निघाला तर कुणाला आश्चर्य वाटत नाही. कोरायचं असेल तर माथ्याला शून्य धरणं शहाणपणाचं, कारण खोली माथ्यावरूनच दिसते. आरपार कापायचं असेल तर बेडला शून्य धरलेलं बरं, म्हणजे तक्ता जाड निघो की पातळ, पातं बरोबर तळापर्यंत जाऊन थांबतं. नक्षी तीच, यंत्र तेच, शून्यं दोन.

रेडियमवाल्यांकडं हाच प्रश्न आणखी बारीक होतो. गाडीच्या काचेवरची नावं, नंबर, देवांची चित्रं कापणाऱ्या कटर प्लॉटरला खोलीचा अक्ष असा नसतोच. धारकातून बोरूच्या टोकासारखं पातं किती बाहेर काढायचं आणि दाब किती ठेवायचा, एवढंच हातात असतं. त्याला ‘हाफ कट’ हवा असतो: वरचं व्हिनाइल पूर्ण कापलं पाहिजे आणि खालच्या पाठकागदावर चरा उमटता कामा नये. म्हणून कामाआधी रोलच्या कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघतात. नखानं उचलल्यावर चौकोन अलगद निघाला तर ठीक. कागद सोबत आला तर पातं आत गेलं होतं. चौकोनाचा कोपरा फाटून मागं राहिला तर ते वर राहिलं होतं. मोजपट्टी कुठंच नाही, तरी हे मोजमाप आहे, आणि ते मालाला विचारून केलेलं आहे.

आता सव्वादोनशे वर्षं मागं जाऊ. टिपू सुलतानाचा पाडाव 1799 साली झाला आणि म्हैसूरचा मुलूख मोजण्याची योजना विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं मांडली. 1800 च्या अखेरीस त्यानं बेंगळुरूजवळ, तेव्हाच्या गावाच्या पूर्वेच्या माळावर, सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. साधन होतं पोलादी साखळी, शंभर फुटांची, चाळीस कड्यांची. ती मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून नेलेल्या सामानात होती. बादशहानं नाकारली आणि फिरत फिरत हिंदुस्थानात आली. पुढं 1802 मध्ये मद्रासजवळ दुसरी आधाररेषा मोजली गेली, तिथून त्रिकोणांची साखळी पश्चिमेकडं सरकत बेंगळुरूला पोचली, आणि 1804 मध्ये जॉन वॉरनच्या हाताखाली इथं पुन्हा एक आधाररेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजून पाहिली. मद्रासहून त्रिकोणांनी आलेली लांबी आणि इथं साखळीनं मोजलेली लांबी यांत फरक निघाला पावणेचार इंचांच्या आसपास. साडेसात मैलांत वीतभरसुद्धा नाही! इतिहासाच्या पुस्तकांत या अचूकपणाचं कौतुक येतं, आणि ते रास्तच आहे. त्या आकड्याखाली दडलेली एक बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. माळावर मोजलेली लांबी जशीच्या तशी नोंदवत नसत. ती समुद्रसपाटीवर ‘उतरवून’ लिहावी लागे. पृथ्वी गोल आहे, त्यामुळं नऊशे मीटर उंचावरची रेषा समुद्रपातळीवरच्या तिच्या सावलीपेक्षा लांब असते. बेंगळुरूची उंची साधारण 920 मीटर आणि पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर धरून त्रैराशिक मांडलं, तर बारा किलोमीटरच्या रेषेत हा फरक पावणेदोन मीटरच्या घरात जातो. पावणेचार इंचांची फुशारकी मारायची तर आधी या पावणेदोन मीटरचा हिशेब चुकता करावा लागतो, आणि त्यासाठी बेंगळुरू समुद्रापासून किती उंच आहे हे माहीत असावं लागतं. आडवी लांबी म्हणून जी मिरवली, तिच्या पोटात उंचीचं शून्य धरलेलं होतं.

आणि ते शून्य त्या काळी कच्चंच होतं. लॅम्बटनची माणसं टेकड्यांवरून उभे कोन मोजून समुद्रापासून उंची आत आत आणत. आडव्या कोनांना हवा फारसा त्रास देत नाही. उभ्या कोनांना देते, कारण जमिनीलगतच्या तापल्या-निवल्या हवेत प्रकाशाची रेघ वाकते आणि सकाळचा कोन दुपारी जुळत नाही. आडवी साखळी इंचांत बोलत असताना उंची फुटांत अडखळत होती, ती यामुळं. जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची 29,002 फूट म्हणून 1856 साली जाहीर झाली. आणि समुद्राच्या भरती-ओहोटीपासून पाणसळीच्या दुर्बिणीनं, पट्टीवर पट्टी वाचत, थोड्या थोड्या अंतरानं उंची आत आणण्याचं काटेकोर काम देशात सुरू झालं 1858 साली. शिखर आधी, पायरी मागाहून. पुढची पन्नास वर्षं या पातळी-मोजणीच्या रेघा रस्त्यांच्या आणि रुळांच्या कडेनं देशभर फिरल्या, दगडांवर बेंचमार्कच्या खुणा खोदल्या गेल्या, आणि 1909 मध्ये सगळं जाळं एकत्र बसवलं. तेव्हा आधाराला घेतली नऊ बंदरं: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरचं फॉल्स पॉइंट. या नवांपैकी प्रत्येक ठिकाणची समुद्राची सरासरी पातळी म्हणजे शून्य, असं धरलं. खरं तर समुद्र नऊ ठिकाणी एकाच पातळीत नसतो. प्रवाह, वारे, पाण्याचा खारटपणा यांमुळं तो इथं थोडा वर, तिथं थोडा खाली असतो. हे त्या गणितज्ञांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी ते धरलं. आपल्या भाषेत हे क्रियापद फार नेमकं आहे: लांबी आपण मोजतो, शून्य आपण धरतो, आणि गृहीतही धरतोच. बेंगळुरूच्या रेल्वे स्थानकाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची जी उंची लिहिलेली असते, ती कारवारपासून मद्रासपर्यंतच्या समुद्रांमध्ये अशी तडजोड करून आलेली आहे.

इथं कुणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. कुठं अर्ध्या खंडाचं सर्वेक्षण आणि कुठं लग्नपत्रिकेची जाळी कापणारं टेबल. दोन्हीकडं ‘उंची’ आणि ‘शून्य’ हे शब्द येतात म्हणून एका माळेत ओवायचे का? आक्षेप वाजवी आहे आणि नुसत्या उपमेवर विसंबलं तर तो लागूही पडतो. पण साम्य घडणीत आहे, आणि ते तपासता येतं. वर आधाररेषेबाबत जे दिसलं, उंचीतली चूक आडव्या मापात झिरपणं, तेच टेबलावर घडतं. व्ही आकाराच्या बिटनं अक्षर कोरताना रेघेची रुंदी खोलीवर ठरते. नव्वद अंशांचं बिट असेल तर शून्य 0.1 मिलिमीटर खाली धरलं गेलं की रेघ 0.2 मिलिमीटरनं जास्त रुंद होते. बेंगळुरूच्या सुलतानपेठेत पत्रिका छापून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ‘अक्षर जाड आलंय’ असं वाटतं; तो नक्षीला किंवा फॉन्टला दोष देतो, चूक मात्र झेडमध्ये असते. लेसरचंही तसंच: किरण जिथं सर्वांत बारीक होतो ती उंची चुकली की चीर रुंदावते आणि जाळीचे नाजूक दुवे जळून तुटतात. प्रमाण कितीतरी पटींनी वेगळं असेल, पण उभ्या आणि आडव्याचं नातं दोन्हीकडं एकच आहे. ते नातं कुणी जुळवून आणलेलं नाही.

या दोन टोकांच्या मधला दुवाही बेंगळुरूतच आहे, आणि तो कारखान्यांचा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं इथं विमानांचा कारखाना उभा केला. 1953 मध्ये स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्यानं जालहळ्ळीला हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, आली. पुढं तिची घड्याळं महाराष्ट्रात घरोघरी मनगटांवर बसली, पण मुळात ती लेथ करणारी कंपनी. 1962 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीनं यंत्र-हत्यारांची केंद्रीय संस्था, सीएमटीआय, सुरू झाली. या मंडळींनी शहराला नेमकं काय दिलं, असं विचारलं तर नोकऱ्या आणि वसाहती हे नेहमीचं उत्तर येतं. माझ्या मते त्याहून मोलाचं होतं ते सपाट पृष्ठभागाचं शिस्तबद्ध ज्ञान. उंची मोजायची तर ती ज्यावरून मोजायची ते पृष्ठ आधी सपाट हवं. आणि सपाटपणा कशाशी ताडून पाहणार? त्याचं उत्तर इंग्लंडमध्ये व्हिटवर्थनं 1840 साली मांडलं होतं: तीन प्लेटा घ्या, निळा रंग लावून एकमेकींवर घासा, जिथं निळं लागेल तो उंचवटा हातानं खरवडा. दोनच प्लेटा असतील तर एक बाकदार आणि दुसरी खोलगट होऊनही त्या गळ्यात गळा घालतात. तिसरी आली की लबाडी उघडी पडते. कोणत्याही मानकाची मदत न घेता तिन्ही सपाट होतात. यंत्र-हत्यारांच्या शॉपमध्ये हेच ‘ब्लू मॅचिंग’ आणि स्क्रेपिंग चालतं. सरफेस प्लेट, त्यावर हाइट गेज, त्याखाली स्लिप गेज: उंचीचं शून्य आता समुद्रावर नव्हतं, ओतीव लोखंडाच्या किंवा काळ्या ग्रॅनाइटच्या एका चौकोनावर आलं होतं. एवढ्या शिस्तीतही बोटांना सुट्टी नव्हती. स्लिप गेजचे तुकडे एकमेकांवर दाबून, फिरवून चिकटवावे लागतात. ते नीट ‘बसले’ की नाही हे हातालाच कळतं. टर्नर जॉबला टूल टेकवताना मध्ये सिगारेटचा पातळ कागद धरत असे, तो ओढला गेला की टच झाला. कपट्याचं कूळ इथलं आहे.

योगायोग पाहा: आकड्यांनी चालणारं पहिलं मिलिंग यंत्र अमेरिकेतल्या एमआयटीत सप्टेंबर 1952 मध्ये दाखवलं गेलं, आणि एचएमटी स्थापन झाली पुढच्याच फेब्रुवारीत. जॉन पार्सन्सला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळणदार आकार तपासायचे होते, त्यातून ही कल्पना निघाली. वळण आकड्यांत आलं. आरंभबिंदू मात्र यंत्राजवळ उभ्या माणसाकडं राहिला. सीएनसीच्या भाषेत त्याची सोयही करून ठेवली आहे: जॉबचं शून्य जी54 मध्ये, हत्याराची लांबी जी43 मध्ये, वेगवेगळी. यंत्राची आणि कामाची उंची एक नाही, ही कबुलीच त्या व्याकरणात बसवलेली आहे. पुढं ही यंत्रं लहान झाली, स्वस्त झाली, आणि हस्तकलेच्या टेबलावर आली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात, 2002 साली एमआयटीच्या सहकार्यानं फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी ती एक. अशा लॅबांमध्ये रूढ असलेल्या मोडेला या छोट्या मिलिंग यंत्रावर झेड कसं धरतात ते बघण्यासारखं आहे. 0.4 मिलिमीटरचं, सुईएवढं बिट तांब्याच्या पाटीच्या जरा वर आणतात, ॲलन कीनं त्याचा स्क्रू ढिला करतात आणि बिट स्वतःच्या वजनानं पाटीवर उतरू देतात. टेकलं की स्क्रू आवळायचा. तांब्याचा थर 35 मायक्रॉनचा; तिथं कागदसुद्धा जाड ठरतो, म्हणून गुरुत्वाकर्षणाला कामाला लावलेलं. पडू मात्र द्यायचं नाही, बोटात धरून उतरवायचं. पडलं तर टोक मोडतं आणि दुसरं आणायला लागतं.

खरा वजनदार आक्षेप यापुढचा आहे. आता प्रोब आले, सेन्सर आले. यंत्र स्वतःच खाली येऊन टेकतं आणि शून्य नोंदवतं. मग धरण्याचा काळ संपला की नाही? संपला नाही, जागा बदलली. टच प्लेट म्हणजे धातूची चकती. बिट तिला टेकलं की विद्युतमार्ग पुरा होतो आणि यंत्र थांबतं. पण ते चकतीच्या माथ्यावर थांबतं, मालाच्या नव्हे. चकतीची जाडी कुणीतरी आधी आकड्यानं भरलेली असते. चकती बदलली आणि आकडा तोच राहिला, तर यंत्र पूर्ण आत्मविश्वासानं चुकतं, आणि त्या चुकीत कागदासारखी बोटाला कळणारी खूणही नसते. शिवाय प्रोब एका ठिकाणी टेकतो. तक्ता मधोमध फुगलेला असेल तर कोणता बिंदू खरा, हे त्याला कोण सांगणार? सर्वेक्षणातही हेच झालं. उपग्रहांमुळं कुणीही कुठंही उभं राहून उंची मिळवू शकतो, असं वाटलं. उपग्रहांवरून थेट निघणारी उंची मात्र पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून असते, समुद्रापासून नव्हे. हिंदी महासागरात, भारताच्या दक्षिणेला, गुरुत्वाकर्षणाचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या शंभराहून जास्त मीटर खाली दबलेला आहे, जगातला सर्वांत खोल खळगा, आणि बेंगळुरू त्याच्या उतारावर येतं. इथं तो सुमारे 85 मीटर खाली आहे. म्हणून दुरुस्ती न करता वाचलं तर 920 मीटरच्या शहराची उंची 835 च्या आसपास येते. उपकरण बिघडलेलं नसतं. त्यानं स्वतःचं शून्य धरलेलं असतं, लिमिट स्विचसारखं. पाणी कुठल्या बाजूला वाहणार हे ठरवायला ते कामाचं नाही, आणि गटार काढणाऱ्या इंजिनीअरला नेमकं तेच हवं असतं.

याचा अर्थ कागदाचा कपटा पवित्र आहे, हात यंत्रापेक्षा थोर आहे, असा कुणी काढू नये. तसलं गोडवे गाणं मला पटत नाही. संध्याकाळी, अपुऱ्या उजेडात, दमलेल्या माणसानं कागदावर घेतलेला झिरो चुकतो. बिटं मोडतात, बेडला चरे पडतात, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा त्याच माणसाच्या पगारातून वळती होते. प्रोब लावणं परवडत असेल तर जरूर लावावा. माझा मुद्दा स्पर्शाबद्दल नाही, निवडीबद्दल आहे. माथा की बेड, कोणता समुद्र, कोणती पायरी, ही निवड कामाच्या हेतूवरून होते आणि हेतू यंत्रात नसतो. मुंबईचंच पाहा. देशाच्या उंचीच्या जाळ्याला आधार देणाऱ्या नऊ बंदरांपैकी मुंबई एक. तरी तिथल्या महापालिकेच्या पर्जन्यवाहिन्यांच्या नकाशांत उंची मोजतात ती टाउन हॉलशी बांधलेल्या ‘टाउन हॉल डेटम’वरून, जे समुद्राच्या सरासरी पातळीच्या बरंच खाली धरलेलं आहे. त्यामुळं जमिनीखालच्या नळांची पातळीही उणे येत नाही. दारात समुद्र असून शहरानं स्वतःच्या गटारांसाठी वेगळं शून्य धरलं, आणि ते अडाणीपणानं धरलं असं कुणी म्हणत नाही.

तिकडं टेबलावर, बेडच्या वर एमडीएफचा एक फळा कायमचा ठोकलेला असतो. त्याला स्पॉइलबोर्ड म्हणतात. आरपार कापताना पातं तळाच्या खाली 0.2 मिलिमीटर जाऊ देतात, म्हणजे तुकडा सुटून येतो, ते 0.2 मिलिमीटर या फळ्यावर कोरलं जातं. महिन्याभरात त्यावर शेकडो कामांच्या रेघा एकमेकींवर चढतात: पाटीची अक्षरं, जाळीची वेलबुट्टी, कुणाच्या तरी देवघराची महिरप. पावसाळ्यात दमट हवेनं तो फुगतो, उन्हाळ्यात बसतो. मग एके दिवशी रुंद बिट लावून अख्खा फळा अर्धा मिलिमीटर छिलून काढतात, भुसा झाडतात आणि कागदाचा नवा कपटा शोधतात.